विषाची परीक्षा : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

रानातील आणि समुद्रातील विषारी प्राण्यांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे ‘जगातील सर्वांत विषारी प्राणी कोणता’ एवढ्याच प्रश्नाची होती. त्याचे उत्तर पुढे दिले आहे. परंतु त्याआधी ‘विषारी’ या शब्दाचाच उलगडा करणे आवश्यक वाटल्याने पहिला मान दुसऱ्या एका पत्राला दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : नाग विषारी आणि काही बेडूकही विषारी, असे आपण एका दमात म्हणतो. नाग चावतो, बेडूक तर चावत नाही. मग दोघांना एकच शब्द कसा? मुलांना शिकवताना माझी पंचाईत होते.

उत्तर : आपली पंचाईत खरी आहे आणि तिचे मूळ भाषेत आहे. मराठीतील ‘विषारी’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लागू होतो. नाग, विंचू, कोळी, गांधीलमाशी हे प्राणी विष टोचतात. त्यांच्याकडे विष तयार करणारी ग्रंथी असते आणि ते दुसऱ्याच्या शरीरात उतरवण्याचे हत्यारही असते, मग तो पोकळ दात असो, नांगी असो किंवा काटा. दुसऱ्या गटातील प्राण्यांजवळ असे हत्यार नसते. त्यांच्या कातडीत, यकृतात, अंड्यांत, एवढेच काय पण पिसांतही विष मुरलेले असते आणि ते बाधते ते त्यांना खाणाऱ्याला, तोंडात धरणाऱ्याला, क्वचित नुसते हाताळणाऱ्याला. मी स्वतः ‘विष टोचणारे’ आणि ‘विष मुरलेले’ असे दोन साधे शब्दप्रयोग वापरतो. ते पारिभाषिक नाहीत, पण मुलांना लगेच कळतात.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, रसायनाचाही आहे. टोचले जाणारे विष बहुधा प्रथिनांचे असते. प्रथिनांचे रेणू मोठे असतात आणि पोटात गेले की अन्नातील इतर प्रथिनांसारखेच पचून जातात. म्हणूनच ते कातडीच्या आत नेऊन सोडावे लागतात. (याचा अर्थ सर्पविष गिळून पाहावे असा नव्हे, तोंडातील किंवा अन्ननलिकेतील एखादी बारीकशी जखमही ते रक्तात पोचण्यास पुरते.) याउलट मुरलेले विष पुष्कळदा लहान रेणूंचे असते, ते पचनात टिकते आणि तोंडाच्या ओल्या अस्तरातूनही आत शिरते.

निसर्ग मात्र आपल्या रकान्यांची पर्वा करीत नाही. जपानमध्ये ‘यामाकागाशी’ नावाचा एक साप आढळतो आणि तो दोन्ही रकान्यांत बसतो. त्याच्या तोंडात मागच्या बाजूला दात असतात आणि त्याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते; अशा दंशांनी माणसे दगावल्याची नोंद आहे. शिवाय त्याच्या मानेच्या कातडीखाली जोडीजोडीने ग्रंथींची रांग असते आणि तिच्यात दुसरेच विष साठवलेले असते. शत्रू समोर आला की हा साप पळण्याऐवजी मान वाकवतो आणि तीच त्याच्यापुढे करतो, जणू ‘इथे चाव’ असे सांगतो. हे मानेतील विष तो स्वतः बनवत नाही. तो विषारी भेक खातो आणि त्यांचेच विष बाजूला काढून ठेवतो. ज्या बेटावर भेकच नाहीत तेथील सापांच्या मानेत हे विष सापडत नाही, आणि गंमत अशी की तेथील साप मान पुढे करण्यापेक्षा पळ काढणे अधिक पसंत करतात. आपल्या कोठारात काही आहे की नाही याचा अंदाज त्या सापाला असावा असे दिसते.

प्रश्न : विषारी बेडूक स्वतःच्याच विषाने का मरत नाही? आणि हे विष तो आणतो कुठून?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कोलंबियाच्या प्रशांत महासागराकडील पावसाळी जंगलात सुमारे ५ सेंटिमीटर लांबीचा, पिवळाधमक असा एक बेडूक राहतो. त्याच्या कातडीत बॅट्राकोटॉक्सिन हे अतिशय जहाल द्रव्य असते. तेथील एम्बेरा लोक फुंकनळीच्या बाणांची टोके या बेडकाच्या पाठीवर घासून शिकारीला जात. शास्त्रज्ञांनी १९७८ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला लॅटिनमध्ये ‘भयंकर’ अशा अर्थाचे नाव दिले. पण याच जातीची पिल्ले बंदिवासात, साध्या किड्यांवर वाढवली तर त्यांच्या अंगी हे विष उतरतच नाही. म्हणजे विष बेडकाचे नसून त्याच्या आहाराचे आहे.

याला पुष्टी फार अनपेक्षित ठिकाणाहून मिळाली. न्यू गिनीच्या जंगलात १९८९ साली जॅक डंबाकर हे संशोधक जाळ्यात अडकलेले पक्षी सोडवत होते. पिटोहुई नावाच्या नारिंगी-काळ्या पक्ष्यांनी त्यांच्या बोटांना ओरखडे काढले. त्यांनी बोट सहज तोंडात घातले, तर ओठ आणि जीभ चुरचुरून बधिर झाली. पुढे त्यांनी त्या पक्ष्याचे एक पीस जिभेवर ठेवून पाहिले आणि तोच अनुभव आला. १९९२ साली जाहीर झालेल्या तपासणीत त्या पिसांत आणि कातडीत निघाले ते बेडकाच्याच कुळीचे विष, आणि तेही पॅसिफिक महासागराच्या दुसऱ्या टोकाला. नंतर तेथील काही लहान भुंगेऱ्यांच्या अंगातही तेच द्रव्य सापडले, आणि हे पक्षी ते भुंगेरे खातात.

आता न मरण्याविषयी. नाग किंवा घोणस यांचे विष ग्रंथीत बंदिस्त असते, त्यामुळे त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. कातडीभर विष घेऊन हिंडणाऱ्याला मात्र काहीतरी तोड काढावीच लागते. फुगा मासा आणि उत्तर अमेरिकेतील न्यूट नावाचा सरड्यासारखा दिसणारा उभयचर यांच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असते. हे विष मज्जातंतूंवरील सोडियमची सूक्ष्म दारे बंद करते. दारे बंद झाली की संदेश थांबतात, स्नायू लुळे पडतात आणि श्वास बंद होतो. या दोन्ही प्राण्यांत त्या दारांची घडणच किंचित बदललेली आहे, त्यामुळे विषाची किल्ली त्यांच्या कुलपाला लागत नाही. गार्टर साप या न्यूटना खातो आणि त्याच्याही दारांत असाच बदल झालेला आढळतो. जेथे न्यूट अधिक जहाल तेथे बहुधा सापही अधिक निगरगट्ट असतात. असा न्यूट गिळलेल्या सापाच्या यकृतात ते विष पुढे काही आठवडे टिकून राहते, म्हणजे तेवढे दिवस तो सापही विष मुरलेल्यांच्या गटात जातो.

प्रश्न : जगातील सर्वांत विषारी प्राणी कोणता?

उत्तर : ‘कोणाला’ हा शब्द घातल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. सापांच्या विषाची तुलना करताना सहसा ठरावीक वजनाच्या उंदरांपैकी निम्मे उंदीर किती मात्रेने मरतात हे मोजतात. त्या कसोटीवर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील तैपान हा साप जमिनीवरील सर्व सापांत वरचढ ठरतो. पण तो निर्जन प्रदेशात राहतो, बुजरा आहे आणि त्याचे नोंदवलेले दंश बहुतेक साप हाताळणाऱ्या लोकांनाच झालेले आहेत. याउलट फुरसे आणि त्याचे सख्खे भाऊबंद आफ्रिकेपासून दक्षिण आशियापर्यंत पसरलेले आहेत, आकाराने लहान आणि स्वभावाने तापट आहेत, आणि मुख्य म्हणजे माणसे अनवाणी काम करतात त्या शेतांच्या आसपास राहतात. उंदरांच्या तक्त्यात फुरसे बरेच खाली असेल, पण मृत्यूच्या तक्त्यात ते फार वर आहे.

आणि उंदराला जे लागते ते इतरांना लागेलच असेही नाही. सिडनीच्या परिसरात आढळणाऱ्या फनेल-वेब कोळ्याच्या नराचे विष माणसाला आणि माकडाला प्राणघातक ठरू शकते. ससा किंवा मांजर यांना मात्र ते फारसे बाधत नाही. त्या कोळ्याला त्याच्या उत्क्रांतीच्या काळात माणूस कधी भेटलाही नव्हता, तेव्हा हे आपल्यासाठी ‘तयार केलेले’ विष नव्हे. तो आपला दुर्दैवी योगायोग आहे. मुंगसाच्या स्नायूंवर नागाच्या विषाला धरायला जागाच नीट मिळत नाही. अमेरिकेच्या वाळवंटातील एक छोटा उंदीर तर बार्क विंचू मिटक्या मारीत खातो. त्या विंचवाचा डंख माणसाला असह्य होतो. या उंदराच्या मज्जातंतूंत मात्र तेच विष वेदनेचा संदेश रोखते. डंख बसला की तो क्षणभर पंजा चाटतो आणि पुन्हा विंचवाकडे वळतो.

माणसाच्या दृष्टीने हिशेब मांडायचा तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतात आणि त्यांपैकी साधारण ८१ हजार ते १ लाख ३८ हजार लोक मरण पावतात. त्याहून कितीतरी अधिक लोकांना हातपाय गमवावे लागतात किंवा कायमचे अपंगत्व येते. सर्पदंशाला या संघटनेने २०१७ साली दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. माझ्या मते ‘सर्वांत विषारी कोण’ या चढाओढीपेक्षा ही आकडेवारी अधिक बोलकी आहे.

प्रश्न : काही सापांना ‘निमविषारी’ म्हणतात. ते हातात धरण्यास हरकत नाही, असे माझा एक मित्र सांगतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या मित्राला पुढील हकीकत अवश्य सांगावी. कार्ल श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियममधील नावाजलेले सर्पतज्ज्ञ होते. सप्टेंबर १९५७ मध्ये तेथील एका प्राणिसंग्रहालयाने त्यांच्याकडे ओळख पटवण्यासाठी एक लहान आफ्रिकन साप पाठवला. तो बूमस्लँग होता. या सापाचे विषदंत तोंडात मागे असतात आणि अशा सापांपासून माणसाला मोठा धोका नाही असे त्या काळी बरेच जण मानत. हाताळताना साप त्यांच्या अंगठ्याला चावला. त्याचा एकच मागचा दात लागला होता, आणि तोही जेमतेम ३ मिलिमीटर खोल गेला होता. श्मिट यांनी मनावर घेतले नाही. शास्त्रज्ञाच्या सवयीने ते काय होते आहे ते तेवढे टिपत राहिले : घरी परतताना आगगाडीत मळमळ, नंतर थंडी वाजून कापरे आणि ताप, हिरड्यांतून रक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बरे वाटले, त्यांनी न्याहारीही केली. त्याच दिवशी दुपारी श्वास घेणे कठीण होऊन ते मरण पावले. शवविच्छेदनात फुफ्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू अशा अनेक अवयवांत रक्तस्राव आढळला.

बूमस्लँगचे विष रक्त गोठवणारे घटक हळूहळू संपवून टाकते. ते घटक संपेपर्यंत माणूस हिंडता-फिरता असतो आणि ‘आता धोका टळला’ असे त्याला वाटते. ‘निमविषारी’ हा शब्द दातांच्या जागेवरून आणि सरासरीवरून आलेला आहे. आपल्या हाती आलेला साप त्या सरासरीतला आहे याची हमी तो देत नाही. या गटातील बहुतेक साप माणसाला खरोखर निरुपद्रवी आहेत हेही तितकेच खरे, पण ती ओळख पटवण्यात जन्म घालवलेला माणूसही येथे फसला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाग किंवा घोणस यांच्यासारखा जहाल साप चावला तरी प्रत्येक वेळी विष उतरतेच असे नाही. विष तयार करण्यास सापाला शक्ती खर्चावी लागते आणि ते मुख्यतः भक्ष्यासाठी असते. पायाखाली आलेल्या माणसावर तो कधी कधी नुसताच दात उगारतो. अशा ‘कोरड्या’ दंशातून वाचलेला माणूस ज्या झाडपाल्याला किंवा खड्याला श्रेय देतो, त्याची कीर्ती मग उगाचच वाढते.

प्रश्न : समुद्रात जेलीफिश अंगाला लागल्यास नेमके काय करावे? आणि नखाएवढी जेलीफिश माणसाला रुग्णालयात पोचवते, हे खरे का?

उत्तर : खरे आहे, आणि त्याचा पुरावा एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर घेतला. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना कधी कधी किरकोळशी चुरचुर होई आणि अर्ध्या तासाने कंबर, पोट, छाती यांत भयंकर कळा, उलट्या आणि वाढलेला रक्तदाब. कारण सापडत नव्हते. जॅक बार्न्स यांनी १९६१ साली जेमतेम एक सेंटिमीटर घेराची एक पारदर्शक जेलीफिश पकडली आणि तिचा डंख स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला करवून घेतला. तिघेही थोड्याच वेळात रुग्णालयात होते. सुदैवाने तिघेही बरे झाले. त्या जातीला आज बार्न्स यांचेच नाव आहे. विषाची परीक्षा पाहू नये असे आपण म्हणतो. मुलावर ती पाहणे तर आजच्या कोणत्याही नीतिनियमात बसणार नाही.

जेलीफिशच्या तंतूंवर हजारो सूक्ष्म कोश असतात आणि प्रत्येकात गुंडाळलेली एक पोकळ दोरी असते. स्पर्श होताच ती सेकंदाच्या अगदी अल्पांशात उलगडून कातडीत घुसते. तंतू अंगाला चिकटून राहिले तर न फुटलेले कोश नंतरही फुटत राहतात, म्हणून चोळू नये. चौकोनी घुमटाच्या जेलीफिशांच्या बाबतीत व्हिनेगर ओतल्याने उरलेले कोश फुटायचे थांबतात; इतर जातींना तेच लागू पडेल असे नाही, तेव्हा त्या किनाऱ्यावरील जीवरक्षक सांगेल ते करावे. दगडमासा किंवा पाकट यांचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात.

निळ्या कड्यांचा चिमुकला ऑक्टोपस मात्र वेगळा आहे. त्याच्या लाळेत वर सांगितलेले टेट्रोडोटॉक्सिनच असते, चावा जाणवतही नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. तरीही माणूस वाचू शकतो, कारण विष हृदयाला नव्हे तर श्वासाच्या स्नायूंना थांबवते. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कोणीतरी सतत कृत्रिम श्वास देत राहिले तर पुरते. त्या काळात रुग्ण निपचित दिसतो, पण सर्व ऐकत असतो. भोवतालच्यांनी बोलताना याचे भान ठेवावे.

प्रश्न : भडक रंगाचा प्राणी विषारी असतो, हे कितपत खरे?

उत्तर : अर्धेच खरे. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या रुईच्या कुळातील चीक असलेली झुडपे खाऊन त्यांतील विष साठवतात. ते फुलपाखरू खाल्लेला पक्षी ओकतो आणि पुन्हा नारिंगी-काळ्या पंखांच्या वाटेस जात नाही. मात्र ही पाटी लावणारे सर्वच खरे नसतात. निरुपद्रवी प्राणी विषारी प्राण्यांचा वेश घेऊन निभावून नेतात हे इंग्रज निसर्ग-अभ्यासक हेन्री बेट्स यांनी १८६२ सालीच दाखवून दिले. उलट दगडमासा अंगावर शेवाळ घेऊन तळाच्या खडकांत बेमालूम मिसळून बसतो, कारण त्याला भक्ष्याला फसवायचे असते.

प्रश्न : सापाच्या विषावरील औषध घोड्यापासून का बनवतात? आणि सर्व सापांना चालेल असे एकच औषध का नाही?

उत्तर : घोड्याला विषाची अगदी अल्प, हळूहळू वाढणारी मात्रा टोचली की त्याचे शरीर त्या विषाला बांधून ठेवणारी प्रतिपिंडे तयार करते, घोडा मोठा असल्याने त्याच्या रक्तातून ती पुरेशी मिळतात. ती शुद्ध करून माणसाला दिली जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागविषावर असे औषध तयार केले आणि ते सर्वच सापांवर चालेल अशी आशा निर्माण झाली. ब्राझीलच्या व्हितल ब्राझील यांनी ते आपल्याकडील सापांच्या विषावर वापरून पाहिले, तेव्हा ते निरुपयोगी ठरले. प्रतिपिंड कुलपाला किल्ली बसावी तसे विशिष्ट प्रथिनालाच बसते, आणि एका सापाच्या विषात अशी कित्येक प्रथिने असतात. एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे एका देशातील औषध दुसऱ्या देशात तोकडे पडू शकते.

हाच नेमकेपणा औषधशास्त्राच्या मात्र पथ्यावर पडला. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाने रक्तदाब एकदम का खाली येतो याच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरील औषध घडले. मधुमेहावरील एक्सेनाटाइड हे गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील एका रेणूवरून तयार केलेले आहे, तर झिकोनोटाइड हे असह्य वेदनांवरील औषध एका समुद्री गोगलगाईच्या विषावरून बनवले आहे. ती गोगलगाय त्याच विषात भिजलेला भाल्यासारखा दात मारून मासे पकडते.

प्रश्न : साप चावल्यास त्याला मारून रुग्णालयात न्यावे, म्हणजे ओळख पटते, असे ऐकले आहे. योग्य काय?

उत्तर : नेऊ नये. डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवू शकतात. दुरून काढता आले तर एखादे छायाचित्र पुरे. दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, अंगठी आणि कडे सूज येण्यापूर्वी काढावे आणि रुग्णाला चालू न देता रुग्णालयात पोचवावे. दोरीने आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांनी नुकसानच होते. आवळल्यामुळे रक्तपुरवठा तुटून चांगला अवयवही जातो. साप शोधण्यात जाणारा वेळ हा रुग्णाचा वेळ असतो आणि त्या धांदलीत दुसऱ्यालाही दंश होण्याचा संभव असतो. साप मेला तरी ही भीती संपत नाही. तोडलेल्या मुंडक्यातील मज्जातंतू बराच वेळ जिवंत राहतात, स्पर्श झाला की जबडा मिटतो आणि ग्रंथीतील विष दातांतून उतरते. पिशवीतून आणलेल्या मुंडक्याने घरी किंवा वाटेत दुसऱ्याच कोणाला दंश केल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.